सर, तुमचे आवडते खेळाडू कोण? मी पाय बघतो, बाबा

प्रश्न असा आलाय: "सर, मी तुमच्या ९८ च्या बॅचचा. मुलगी आता बारा वर्षांची झाली, फुटबॉल-क्रिकेट-बॅडमिंटन जे लागेल ते टीव्हीवर बघत बसते, आणि खोलीच्या भिंतीला कुणाचा फोटो लावायचा यावरून घरात रोज वाद चाललाय. तुम्ही इतकी वर्षं पोरांना खेळवलंत, वेगवेगळ्या खेळांतले तुमचे स्वतःचे आवडते खेळाडू कोण आणि का, ते जरा सविस्तर सांगाल?"

सांगतो की. पण अरे बाबा, माझी यादी थोडी वेगळी निघेल, त्याचं कारण आधी ऐक. मी ३३ वर्षं हायस्कूलात पीई टीचर होतो, त्याआधी तालुक्याच्या टीममध्ये गोलकीपर, आणि मध्ये बरीच वर्षं रविवारी रेफ्री म्हणून शिट्टी पण मारली. या तिन्ही कामांनी मला एक सवय लावली ती आता सुटत नाही, मी बॉल बघत नाही, मी पाय बघतो. सगळं स्टेडियम बॉलच्या मागे मान फिरवतं आणि मी बघत असतो की बॉल यायच्या आधी त्या माणसाचे पाय कुठे होते. हात, खांदा, मनगट हे सगळं नंतरचं आहे, पाय चुकीच्या जागी असले तर हाताने कितीही धडपड केली तरी काही होत नाही. त्यामुळे माझे आवडते खेळाडू म्हणजे माझ्यासाठी आवडते पाय.

ही सवय लागली ती शेतात. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्याकडे सरदीचं म्हणजे पावसाळ्यातलं भात कापून झालं की शेत म्हणजेच ग्राउंड, बांबूचे गोलपोस्ट, खाली कापलेल्या भाताचे खुंट टोचायचे आणि मी अनवाणी गोलमध्ये. मला डाइव्ह मारायचं भयंकर वेड, प्रत्येक बॉलवर उडी, लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं आपण मोठे कीपर. मग एक वयस्क कोच यायचे आमच्याकडे, त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, तू एवढ्या उड्या मारतोस म्हणजे तू प्रत्येक वेळी उशिरा पोचतोयस, चांगल्या कीपरला उडी मारायची पाळीच कमी येते, जा पणजीला आणि ब्रह्मानंदचे पाय बघून ये.

गेलो. एकदा नाही, कितीतरी वेळा गेलो.

ब्रह्मानंद संखवाळकर, ताळगावचा माणूस, साळगावकर क्लबचा गोलकीपर, पुढे भारताचा कॅप्टन. मी गोलच्या मागे उभा राहून त्याला बघायचो, तिथून कीपरचे पाय सगळ्यात चांगले दिसतात. काय बघितलं ते सांगतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, एवढी जागा माणूस हाताने झाकू शकत नाही, ती झाकावी लागते उभं राहण्याच्या जागेने. बॉल डावीकडून उजवीकडे फिरला की ब्रह्मानंद गोललाइनवर सरळ सरकायचा नाही, तो एका अर्धगोलावरून चालल्यासारखा छोट्या छोट्या पावलांनी सरकायचा, पाय एकमेकांवर कधी चढू द्यायचा नाही, आणि समोरच्याने मारायला पाय मागे नेला की याचे दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याएवढं अंतर, वजन टाचेवर नाही तर चवड्यावर. बस्स. शॉट थेट छातीत यायचा आणि लोक म्हणायचे फॉरवर्डने कीपरच्या हातात मारला. अरे फॉरवर्डने नाही मारला, कीपर आधीच तिथे जाऊन उभा राहिला होता!

१९८३ ला कोलकात्यात गोवा आणि बंगाल संतोष ट्रॉफीचे, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल स्पर्धेचे, संयुक्त विजेते झाले, गोव्याच्या नावावर ती ट्रॉफी पहिल्यांदाच लागली आणि लगेच पुढच्या वर्षी १९८४ ला पंजाबला हरवून एकट्याने जिंकलो. त्या दिवसांत आमच्या गावात जे घडलं ते शब्दांत सांगता यायचं नाही, फटाके, भजी, कुणीतरी टेम्पो काढला आणि डिचोली बाजारात फेरी. एवढंसं गोवा आणि समोर बंगाल-पंजाब, आणि गोलमध्ये आपला माणूस शांत उभा. १९९७ ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ ला पद्मश्री. पद्मश्रीची बातमी आली तेव्हा मी रिटायर झालो होतो, तरी शाळेत फोन करून सांगितलं की नोटीस बोर्डवर लावा. माझ्या यादीत पहिलं नाव हेच, आणि दुसऱ्या नंबरवर कोण यासाठी बाकीच्यांनी आपसात भांडावं.

फुटबॉलमध्ये अजून दोन गोव्याचीच नावं घेतो, पटकन. महेश गवळी, डिफेन्डर. पोरांना डिफेन्स म्हणजे घसरून टॅकल वाटतं, कपडे मळले की खूश. महेशला बघताना मला कायम वाटायचं की हा जमिनीवर कमी पडतो, कारण त्याचं पहिलं पाऊल फॉरवर्डच्या आधी पडलेलं असायचं, तो फॉरवर्डला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचा, स्पर्श न करता. दुसरा मंदार राव देसाई, म्हापशाचा. हा मूळ लेफ्ट विंगर, पुढे जाऊन क्रॉस टाकणारा, सर्जियो लोबेरा एफसी गोवाचे कोच असताना तो लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडचा डिफेन्डर झाला. विंगरचा बॅक करणं म्हणजे काय तर पायांना नवीन सवय लावणं, आयुष्यभर गोलकडे तोंड करून पळालेला माणूस आता आपल्या गोलकडे तोंड करून मागे मागे पळायला शिकतो, तेही पंचविशी गाठल्यावर. मला अशी माणसं फार आवडतात. तुझ्या मुलीला सांग, कोचने जागा बदलली तर रडायचं नाही, मंदार बघायचा.

आणि मॅरेडोना. तो कसा टाळणार. २२ जून १९८६, वर्ल्ड कपची मॅच, मेक्सिकोत दुपारी बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, वाड्यावर एका घरी टीव्ही, अंगणात निम्मा गाव बसलेला, आणि इंग्लंडविरुद्ध तो दुसरा गोल. आपल्या हाफमधून निघाला आणि पार गोलपर्यंत, अख्खा प्रवास बॉल डाव्या पायालाच चिकटलेला. लोकांना ते ड्रिब्लिंग आठवतं, मला आठवतात ती पावलं, केवढी छोटी! समोरचा इंग्लिश डिफेन्डर एक लांब ढांग टाकतो तेवढ्यात याची दोन पावलं पडलेली असतात, आणि दोन पावलं म्हणजे दोनदा दिशा बदलायची संधी. ठेंगणा असण्याचा एवढा मोठा फायदा कुणी करून घेतलेला मी बघितला नाही. हाताने मारलेला पहिला गोल चुकीचाच होता, रेफ्री म्हणून मला तो आजही खटकतो, पण चार मिनिटांनी पायाने जे झालं त्यावर माझं प्रेम आहे आणि ते लपवायचं कारण नाही. नंतर २०१४ ला ब्राझीलचा झिको एफसी गोवाचा कोच म्हणून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आला तेव्हा ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले दोघंही एकाच स्टँडमध्ये बसून टाळ्या मारत होते, गोव्यात हे सहज घडत नाही हे तुला माहीत आहे.

आता क्रिकेट. इथे मी ज्यांचं नाव घेणार ते मी स्वतः मैदानात कधी बघितले नाहीत, दिलीप सरदेसाई. मडगावचे. पोर्तुगीज राजवटीत इथे क्रिकेटला काही जागा नव्हती, ते पुढे मुंबईला गेले आणि तिथून टेस्टपर्यंत. १९७१ चा वेस्ट इंडिजचा दौरा, टीममध्ये त्यांना घ्यायचं की नाही यावरच शंका होती, कॅप्टन अजित वाडेकरने आग्रह धरला. किंग्स्टनची पहिली टेस्ट, आपले ७५ वर पाच आउट. तिथून सरदेसाई उभे राहिले, एकनाथ सोलकरबरोबर १३७ ची भागीदारी, मग प्रसन्नाबरोबर नवव्या विकेटला १२२, आणि स्वतःचे २१२. वेस्ट इंडिजमध्ये भारतीयाचं पहिलं द्विशतक. पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे फॉलोऑनला दीडशेची आघाडी पुरत होती, आपली १७० ची झाली आणि वाडेकरने सोबर्सच्या टीमला परत बॅटिंगला बोलावलं! वेस्ट इंडिजला भारताने फॉलोऑन देणं, त्या काळात हे कुणी मनात पण आणलं नसतं.

पुढे पोर्ट ऑफ स्पेनला तर अजून भारी. जॅक नोरिगाने आपल्या नऊ विकेट काढल्या एका इनिंगमध्ये, ९५ रनांत ९, आणि त्याच इनिंगमध्ये सरदेसाईंचे ११२. म्हणजे एक ऑफस्पिनर समोरची सगळी टीम गुंडाळतोय आणि एक माणूस त्याला शतक मारतोय. स्पिनला खेळणं म्हणजे पाय, दुसरं काही नाही, एक तर बॉलच्या टप्प्यापर्यंत पोचायचं नाहीतर पूर्ण मागे जाऊन वाट बघायची, अर्ध्यात अडकला तो गेला. जाणकार लोक सरदेसाईंना स्पिन खेळणाऱ्यांत एकदम वर धरतात ते याचसाठी. ती टेस्ट आपण जिंकलो, तीच सिरीज १-० ने आपली, सरदेसाईंचे सिरीजमध्ये ६४२ रन आणि कोवळ्या गावसकरचे चारच टेस्टमध्ये ७७४. मी तेव्हा अकरा वर्षांचा, बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे आणि "मडगावचा हो" हे दोन शब्द दर वेळी स्वतःचे घालायचे. माझ्या मनात ते नाव तेव्हापासून आहे.

सचिनवर सगळ्यांनी लिहून झालंय, मी एकच इनिंग सांगतो. सिडनी, जानेवारी २००४. त्या सिरीजमध्ये कव्हर ड्राइव्ह मारताना आउट होत होता, म्हणून त्या दिवशी तो शॉटच बंद ठेवला. ४३६ बॉल खेळला, नाबाद २४१. ऑफस्टंपच्या बाहेर बॉल येतोय, हात शिवशिवत असणार, आणि पाय तिकडे जाऊच दिला नाही. आपल्या पायाला "नाही" म्हणता येणं हे सगळ्यात अवघड, चौथी ते दहावी कुठल्याही पोराला विचार.

आणि मुलीसाठी म्हणून खास, शिखा पांडे. गोव्याकडून खेळली, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, म्हणजे तुमच्या फोंड्याच्या दारातली, पुढे एअरफोर्समध्ये ऑफिसर. २०१७ ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल खेळली. पण मला आठवतो ऑक्टोबर २०२१ चा ऑस्ट्रेलियातला टी-ट्वेंटीतला तो एक बॉल, समोर अलिसा हिली, बॉल ऑफस्टंपच्या खूप बाहेर पडला आणि आत आला तो थेट दांडीवर, हिलीला काय झालं ते कळायला वेळ लागला. तो व्हिडिओ सगळ्या जगाने बघितला, तू तो परत लाव आणि मुलीला सांग की स्टंप बघू नकोस, शिखाचा पुढचा पाय बघ, तो पडताना किती सरळ आणि घट्ट पडतो. मनगटाला स्विंग करायची संधी मिळते ती खालून आधार मिळाला म्हणून. मुलींना बॉलिंग शिकवताना लोक नेहमी "जोर लाव" म्हणतात. जोर नाही रे, आधी पाय.

आता मी ज्या ठिकाणी जरा जास्त वेळ थांबणार आहे ते म्हणजे पी. टी. उषा. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्स. बायकांसाठी ही रेस ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होती. उषा चौथी आली, ५५.४२ सेकंद, तिसरी आलेली रुमेनियाची कोजोकारू ५५.४१. एका सेकंदाचा शंभरावा भाग. हे सगळ्यांना पाठ आहे, पण हर्डल्समध्ये नक्की काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं म्हणून सांगतो, तुझ्या मुलीलाही कळू दे.

चारशे मीटरात दहा हर्डल्स. सुरुवातीपासून पहिला ४५ मीटरवर, मग प्रत्येकी ३५ मीटर, शेवटचा झाल्यावर फिनिशपर्यंत ४० मीटर. म्हणजे हे पळणं कमी आणि मोजणं जास्त. दोन हर्डल्सच्या मध्ये पावलं विषम पडली तर प्रत्येक हर्डलला तोच पाय पुढे येतो, सम पडली तर पाय बदलतो, आणि ज्याला दोन्ही पायांनी ओलांडता येत नाही त्याचं एक पाऊल चुकलं की तो हर्डलसमोर अडखळतो, पावलं तोडतो, तिथेच सेकंद जातात. शिवाय वळणावर डावा पाय पुढे असला तर लेनच्या आतल्या कडेने जाता येतं, उजवा असला तर बाहेर फेकल्यासारखं होतं. मी शाळेत बांबूचे हर्डल्स बांधून पोरांना आधी फक्त मोजायला लावायचो, पळायला नाही. एक मुलगी होती आमच्याकडे, तिने आठ दिवस मोजलं, नवव्या दिवशी न बघता गेली, मला अंगावर काटा आला होता.

तर त्या फायनलला काय झालं, एका स्पर्धकाने फॉल्स स्टार्ट केला आणि सगळ्यांना परत ब्लॉकवर यावं लागलं. उषाची सुरुवात पहिल्या वेळी छान झाली होती, ती गेली. चारशे हर्डल्सला उषा तेव्हा तशी नवीनच होती, तिची खरी ओळख स्प्रिंटची. आणि शेवटी फिनिश लाइनला छाती पुढे झोकायची असते, कारण घड्याळ डोकं किंवा पाय मोजत नाही, धड मोजतं, तिथे ती किंचित कमी झुकली. हे तिने स्वतः पण नंतर सांगितलंय. मी आजवर जेवढ्या पोरांना पळवलं त्या सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, रेस लाइनवर संपत नाही, लाइनच्या पुढे पाच मीटरवर संपते असं समजून पळ. दोन वर्षांनी १९८६ ला सोलच्या एशियन गेम्समध्ये तिने चार गोल्ड आणि एक सिल्व्हर आणलं. पय्योळी नावाच्या गावातली मुलगी, कोच नंबियारांबरोबर समुद्राच्या वाळूवर पळून तयार झालेली. समुद्र तर आपल्याकडे पण आहे ना, म्हणून मी दर ऑक्टोबरला पोरांना कदंबा बसमध्ये बसवून वाळूवर पळायला न्यायचो, पोटऱ्या दुखल्या म्हणून पोरं दोन दिवस शिव्या द्यायची आणि जानेवारीत तालुक्याला जिंकायची.

अ‍ॅथलेटिक्समध्येच अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातला, दुष्काळी भागातला, मग आर्मीत, सियाचिनला राहून आलेला. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, जवळ खोल आणि लांब जावं तसा उथळ, म्हणून अडथळ्यावर पाय ठेवून जितकं लांब उतरता येईल तितकं कमी भिजतो आणि कमी दमतो. २०२२ बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला शेवटच्या लॅपला तो केनियाच्या किबिवोतच्या खांद्याला खांदा लावून होता, सिल्व्हर, वेळ ८:११.२०, गोल्डपेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागे. १९९८ पासून त्या रेसची तिन्ही मेडल दर वेळी केनियाच नेत होता! मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, बायको आतून धावत आली की काय झालं.

नीरज चोप्राचं काय सांगू, ८७.५८ मीटर, टोकियो, भाला सोडल्यावर तो कुठे पडतोय ते बघायला थांबला पण नाही. फक्त एक गोष्ट, पुढच्या वेळी स्लो मोशन लागलं की त्याचा डावा पाय बघ. धावत येतो आणि तो पाय खांबासारखा जमिनीत रोवतो, गुडघा वाकू देत नाही, सगळा वेग पायात अडतो आणि वर चढून भाल्यात जातो. हात म्हणजे चाबकाचं टोक, मूठ खाली आहे.

रॅकेटच्या खेळात दोन माणसं. बॅडमिंटनचा प्रकाश पदुकोण, बंगळूरला कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये शिकला, तो लग्नाचा हॉल, लग्न असलं की प्रॅक्टिस बंद. तिथून निघून १९८० ला ऑल इंग्लंड स्पर्धेच्या फायनलमध्ये इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० ने हरवलं. किंग म्हणजे उड्या मारून स्मॅश मारणारा, आणि प्रकाश समोर जणू फिरायला आल्यासारखा, धावताना दिसतच नाही कारण शॉट मारल्या मारल्या तो परत मध्यावर आलेला असतो. शाळेत हॉल नाही म्हणून रडणाऱ्या आमच्या प्रत्येक टीमला मी ही लग्नाच्या हॉलची गोष्ट ऐकवलीय.

दुसरा लिअँडर पेस. वडील वेस पेस गोव्याच्या मुळाचे, १९७२ म्युनिकला हॉकीत ब्राँझ, आणि मुलगा १९९६ अटलांटाला टेनिसमध्ये ब्राँझ. रँकिंग शंभरच्या बाहेर, वाइल्ड कार्डवर आत गेलेला. सेमीला अगासीकडून हरला, मनगट दुखावलेलं, तरी ब्राँझच्या मॅचला ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ गमावून ६-२, ६-४ ने परत आला. लिअँडर नेटवर असला की समोरच्याने मारण्याच्या नेमक्या क्षणी तो एक छोटीशी उडी घेतो, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, आणि तिथून कुठल्याही बाजूला सुटतो. ओळखलंस? ही तीच गोष्ट आहे जी ब्रह्मानंद गोलमध्ये करायचा. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात चार वेळा हातात धरली असेन पण ती उडी बघून मला गोलपोस्टमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं.

बीपीएड म्हणजे पीई टीचरची पदवी करायला मी कोल्हापूरला होतो तेव्हा तिथल्या तालमीतल्या वस्तादांकडून खाशाबा जाधवांबद्दल खूप ऐकलं. कराडजवळचं गोळेश्वर गाव, १९४८ ला लंडनला सहावे, आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल, त्यानंतरचं थेट ४४ वर्षांनी लिअँडरचं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. मी शिक्षक आहे म्हणून असेल, पण खाशाबांच्या कुस्तीइतकीच ही गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय. १९८४ ला ते अपघातात गेले तेव्हा सरकारने त्यांना हवा तसा मान दिलेला नव्हता, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. याचा राग येतो मला अजून.

धनराज पिल्ले, खडकीचा, चार ऑलिम्पिक चार वर्ल्ड कप, त्याचे पहिले तीन मीटर बघायला मी कितीही पैसे दिले असते. बस, हॉकीवर लिहायला लागलो तर रात्र जाईल.

आणि भक्ती कुलकर्णी. बुद्धिबळात पाय चालत नाहीत, मान्य, पण ही गोव्याची मुलगी माझ्या यादीत हवीच. २०१६ ला आशियाई महिला चॅम्पियन, २०२२ ला चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या महिला टीममध्ये हंपी, हरिका, वैशाली, तानियाबरोबर ती होती, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. आमच्या शाळेत बुद्धिबळ म्हणजे पाऊस पडला की काढायचा खेळ होता, भक्ती, अनुराग म्हामल, लिओन मेंडोन्सा यांच्यानंतर पालक स्वतःहून येऊन विचारायला लागले की सर चेसचा कोच कधी येणार. आणि २०२५ ला तर चेसचा वर्ल्ड कपच गोव्यात झाला.

तर भिंतीचं. कुणाचाही लाव, मुलीलाच ठरवू दे, मी सांगितलेलं नाव नको असेल तर नको. फक्त एक कर, फोटो निवडताना पाय दिसतील असा निवड. बाजारात जे पोस्टर मिळतात ते बहुतेक कमरेपासून वरचे, तोंड, मूठ, कप, एवढंच. माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला चाळीस वर्षांपूर्वी पेपरातून कापलेला ब्रह्मानंदचा एक फोटो आहे, पार पिवळा पडलाय, चेहरा नीट ओळखू येत नाही, बॉल तर फोटोत नाहीच. दोन्ही पाय मात्र दिसतात, टाचा किंचित उचललेल्या. फोंड्याहून इकडे येशील तेव्हा मुलीला घेऊन ये, दाखवतो.